विश्लेषण : उत्तर बरोबर, पण उशिरा आले तर? कारखान्यातील कॅमेरे, सेन्सर आणि ‘रिअल-टाइम’चे गणित

तळवड्यात एकीकडे आयटी पार्कच्या काचेच्या इमारती आहेत आणि दुसरीकडे पत्र्याच्या शेडमध्ये चालणारी प्रेस शॉप, मशिन शॉप. दोन्हीकडे हल्ली एक शब्द सर्रास ऐकू येतो : ‘रिअल-टाइम’. आयटी कंपनीत त्याचा अर्थ पडद्यावरचा आकडा दोन-चार सेकंदांत बदलतो एवढाच असतो. पॉवर प्रेससमोर उभ्या असलेल्या कामगारासाठी मात्र त्याचा अर्थ वेगळा असतो. हात डायमध्ये जाण्याआधी मशिन थांबले पाहिजे आणि त्यासाठी पाव सेकंदही मिळत नाही. शब्द एकच, पण त्यातला फरक लक्षात न घेता यंत्रणा बसवली तर किंमत बोटांनी मोजावी लागते. हा फरक नेमका काय, कॅमेऱ्याचा आणि सेन्सरचा डेटा इतक्या वेगाने कसा हाताळला जातो आणि ‘एआय कॅमेरा बसवला की झाले’ असे का म्हणता येत नाही, ते समजून घेऊ.

‘रिअल-टाइम’ म्हणजे नेमके काय?

बहुतेकांना वाटते, रिअल-टाइम म्हणजे खूप वेगवान. अभियांत्रिकीत त्याचा अर्थ ‘ठरलेल्या मुदतीत, दर वेळी’ असा आहे. लोणावळा लोकल सुटल्यावर तुम्ही कितीही वेगाने धावत फलाटावर आलात तरी उपयोग नसतो. तसेच इथे असते. उत्तर बरोबर असून मुदतीनंतर आले तर ते चुकीचेच धरले जाते.

मुदत चुकल्यावर काय होते, त्यावरून तीन प्रकार मानले जातात. ‘हार्ड’ रिअल-टाइममध्ये एकदा जरी मुदत चुकली तरी अपघात होऊ शकतो. प्रेसची सुरक्षा यंत्रणा आणि गाडीची एअरबॅग या प्रकारात मोडतात. ‘फर्म’ प्रकारात उशिरा आलेले उत्तर टाकून द्यावे लागते, नुकसान होते, पण जीव जात नाही. उत्पादनाच्या लाइनवरचे तपासणी कॅमेरे यात येतात. ‘सॉफ्ट’ प्रकारात उशीर झाला तर फक्त गैरसोय होते, उदाहरणार्थ मोबाइलवर अडखळणारा क्रिकेट सामना.

पॉवर प्रेसवर काय घडते?

प्रेसवर पत्रा ठेवायचा, स्ट्रोक मारायचा, जॉब काढायचा, पुन्हा पत्रा ठेवायचा, असे काम शिफ्टभर हजारो वेळा होते. मिनिटाला ६० स्ट्रोक मारणाऱ्या प्रेसमध्ये एक फेरी एका सेकंदाची आणि त्यातला खाली येण्याचा भाग सुमारे अर्ध्या सेकंदाचा असतो.

हात वाचवण्यासाठी डायच्या पुढे ‘लाइट कर्टन’ बसवतात. हा अदृश्य इन्फ्रारेड किरणांचा पडदा असतो. एकही किरण अडला की मशिनला थांबण्याचा आदेश जातो. पडदा सुमारे २० मिलिसेकंदांत हात ओळखतो असे धरू. एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. त्यापुढे रिलेला ३० मिलिसेकंद आणि ब्रेक लागून स्लाइड प्रत्यक्ष थांबायला १५० मिलिसेकंद लागतात असे मानू. एकूण झाले २०० मिलिसेकंद.

आता हाताचा वेग बघा. आयएसओ १३८५५ या आंतरराष्ट्रीय मानकात पडदा जवळ असताना हाताचा वेग सेकंदाला २,००० मिलिमीटर म्हणजे दोन मीटर धरतात. २०० मिलिसेकंदांत हात ४०० मिलिमीटर पुढे जातो. म्हणून बोट ओळखू शकणारा बारीक किरणांचा पडदाही डायपासून किमान ४० सेंटिमीटर लांब हवा. तो १५ सेंटिमीटरवर बसवला तर पडदा हात बरोबर ओळखेल, दिवा लाल होईल, थांबण्याचा आदेशही जाईल, पण तोवर हात आत पोहोचलेला असेल.

यातली मेख अशी की सेन्सर कितीही चांगला असला तरी ब्रेक झिजत असतो. थांबण्याचा वेळ ५० मिलिसेकंदांनी वाढला की तोच पडदा आणखी १० सेंटिमीटर मागे न्यावा लागतो. प्रत्यक्षात पडदा एकदा बोल्टने कसला की वर्षानुवर्षे तिथेच राहतो. म्हणून बसवण्याइतकेच महत्त्व थांबण्याचा वेळ ठरावीक काळाने पुन्हा मोजण्याला आहे.

मग प्रत्येक प्रेसला लाइट कर्टन लावून भागेल?

नाही. लघुउद्योगांत आजही ‘की क्लच’चे जुने मेकॅनिकल प्रेस दिसतात. त्यांच्यात पेडल दाबले आणि क्लच फ्लायव्हीलला गुंतला की स्लाइड पूर्ण फेरी मारूनच थांबते. मध्ये थांबण्याची सोयच नसते. अशा प्रेसला लाइट कर्टन लावणे म्हणजे ब्रेक नसलेल्या सायकलला घंटी लावण्यासारखे आहे. तिथे डायभोवती पक्के गार्ड, हात आत न घालता पत्रा सरकवण्याची व्यवस्था किंवा फ्रिक्शन क्लच-ब्रेक असलेला प्रेस हेच उपाय उरतात.

हा प्रश्न कागदावरचा नाही. वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत जखमी होणाऱ्या कामगारांसोबत काम करणारी ‘सेफ इन इंडिया फाउंडेशन’ ही संस्था २०१९ पासून ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल प्रसिद्ध करते. गुरुग्राम-मानेसर पट्ट्यातून सुरू झालेल्या या नोंदींमध्ये बोटे गमावण्याच्या अपघातांचे एक प्रमुख कारण म्हणून पॉवर प्रेसचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. धोकादायक यंत्रांना कुंपण घालण्याची तरतूद कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २१ मध्येच होती. म्हणजे उपाय माहीत नव्हता, असे कधीच नव्हते.

साधा कॅमेरा आणि एआय लावले तर?

‘कॅमेरा हात ओळखेल आणि मशिन बंद करेल’ अशी प्रात्यक्षिके हल्ली प्रदर्शनांत पाहायला मिळतात. ओळखण्याचे काम ती चांगलेच करतात. अडचण वेळेची असते.

साधा कॅमेरा सेकंदाला ३० चित्रे घेतो, म्हणजे दोन चित्रांमध्ये ३३ मिलिसेकंदांचे अंतर. एक चित्र घेतल्याबरोबर हात आत आला तर पुढच्या चित्रापर्यंत तो साडेसहा सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. मग चित्र संगणकात जाणार, मॉडेल ते तपासणार, निकाल मशिनकडे जाणार. सगळे सुरळीत चालले तरी शंभर मिलिसेकंद सहज लागतात. तेवढ्यात हात २० सेंटिमीटर सरकतो आणि ब्रेकचा वेळ अजून सुरूही झालेला नसतो.

त्याहून मोठी अडचण सातत्याची आहे. साध्या संगणकावर त्याच वेळी दुसरे काही सुरू झाले, अँटिव्हायरसची तपासणी किंवा सिस्टिम अपडेट, तर शंभरचे आठशे मिलिसेकंद होऊ शकतात. हजारात एकदाच असे झाले तर सरासरी जवळपास तेवढीच दिसेल. पण दिवसाला काही हजार स्ट्रोक मारणाऱ्या प्रेसवर ‘हजारात एकदा’ म्हणजे रोज काही वेळा.

लाइट कर्टनमध्ये म्हणूनच हुशारी कमी आणि खात्री जास्त असते. थांबण्याचा आदेश दोन स्वतंत्र वाहिन्यांतून जातो. एक बिघडली तरी दुसरी मशिन थांबवते आणि बिघाड सापडला की मशिन पुन्हा सुरूच होत नाही. सुरक्षेसाठी खास प्रमाणित केलेल्या कॅमेरा यंत्रणाही आहेत, पण त्या याच कसोट्यांवर उतरलेल्या असतात. साध्या एआय कॅमेऱ्याने ग्लोव्हज-हेल्मेट घातले आहे का ते पाहावे, धोकादायक सवयी टिपाव्यात, पडद्याला बगल दिली जात असेल तर सुपरवायझरला कळवावे. पडद्याची जागा मात्र त्याने घेऊ नये.

तपासणीच्या लाइनवर वेळेचे गणित कसे असते?

मिनिटाला १२० भाग तपासायचे आहेत असे समजा. पट्टा सेकंदाला अर्धा मीटर सरकतो. कॅमेऱ्यापासून ३० सेंटिमीटर पुढे खराब भाग बाजूला ढकलणारा पुशर आहे. म्हणजे निकाल द्यायला ६०० मिलिसेकंद मिळतात. संगणकाला सरासरी ८० मिलिसेकंद लागत असतील तर काम अगदी आरामात होईल, असे वाटते. पण एखाद्या वेळी ७०० लागले तर खराब भाग पुढे निघून जातो. त्याहून वाईट म्हणजे, उशिरा आलेला ‘खराब’ हा आदेश मागून येणाऱ्या चांगल्या भागाला लागू शकतो. खराब भाग ग्राहकाकडे आणि चांगला भाग भंगारात.

यावर उपाय म्हणून पट्ट्याला एनकोडर जोडतात. तो पट्टा किती सरकला हे मोजतो आणि प्रत्येक भागाला जणू टोकन नंबर देतो. निकाल वेळेत आला नाही तर तो भाग ‘खराब’ समजून बाजूला काढायचा, म्हणजे शंका आली तर ग्राहकाच्या बाजूने निर्णय.

दुसरी बाब प्रकाशाची. अर्धा मीटर वेगाने जाणाऱ्या भागाचे चित्र एक मिलिसेकंदात घेतले तरी तो तेवढ्यात अर्धा मिलिमीटर सरकतो. ०.१ मिलिमीटरचा ओरखडा शोधायचा असेल तर चित्र पुसट येऊन काहीच दिसणार नाही. शटर ०.१ मिलिसेकंदावर आणले तर सरकणे ०.०५ मिलिमीटरवर येते, पण तेवढ्या कमी वेळात पुरेसा उजेड मिळायला जोरदार स्ट्रोब लाइट लागतो. अनेकदा महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा योग्य दिव्यानेच प्रश्न सुटतो.

खरा हाय-स्पीड व्हिडीओ कुठे लागतो?

इंद्रायणी ओलांडून चाकणच्या दिशेने गेले की वाहन उद्योगाचा मोठा पट्टा सुरू होतो. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाचे (एआरएआय) मुख्यालय पुण्यात वेताळ टेकडीवर आहे आणि एक केंद्र चाकणला. केंद्र सरकारने २२ ऑगस्ट २०२३ रोजी जाहीर केलेला आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेला ‘भारत एनकॅप’ हा गाड्यांना सुरक्षेचे तारे देणारा कार्यक्रम आहे. त्यासाठी चाचण्या करणाऱ्या संस्थांमध्ये एआरएआयचा समावेश आहे.

या कार्यक्रमातील समोरासमोरच्या धडकेच्या चाचणीत गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळवली जाते. हा वेग म्हणजे सेकंदाला सुमारे १७.८ मीटर. धडकेचा सगळा खेळ शे-दीडशे मिलिसेकंदांत संपतो. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागू शकतो. मोबाइलच्या सेकंदाला ३० चित्रांच्या व्हिडीओत त्यातली जेमतेम चार चित्रे मिळतील. दोन चित्रांमध्ये गाडी जवळजवळ ६० सेंटिमीटर सरकलेली असेल. म्हणून सेकंदाला १,००० चित्रे घेणारे कॅमेरे लावतात. मग हे अंतर पावणेदोन सेंटिमीटरवर येते आणि स्टिअरिंग किती मागे आले, डमीचे डोके कुठे लागले, हे एकेक चित्र थांबवून मोजता येते.

आता डेटा बघा. दहा लाख पिक्सेलचे एक चित्र, पिक्सेलला एक बाइट, सेकंदाला १,००० चित्रे. म्हणजे एका कॅमेऱ्याचा सेकंदाला एक जीबी. दहा कॅमेरे असतील तर दहा जीबी. २० एमबीपीएसच्या मोबाइल इंटरनेटवरून त्यातला एक जीबी पाठवायला साडेसहा मिनिटे लागतील.

यावरची युक्ती साधी आहे. कॅमेरा सतत आपल्याच मेमरीत चित्रे भरत राहतो. मेमरी भरली की सर्वांत जुने चित्र पुसून नवे लिहितो. धडकेच्या क्षणी ट्रिगर मिळाला की ठरावीक वेळाने लिहिणे थांबते. हाती राहतात धडकेच्या थोडे आधीपासूनची चित्रे. याला ‘रिंग बफर’ म्हणतात. ही चित्रे संगणकावर उतरवून नंतर सावकाश तपासली जातात. डमीच्या डोक्यात, छातीत, पायांत बसवलेल्या सेन्सरच्या सेकंदाला दहा हजार वा अधिक नोंदीही आधी साठवल्या जातात. म्हणजे गंमत अशी की क्रॅश चाचणीत नोंद प्रचंड वेगाने होते, पण विश्लेषण रिअल-टाइम नसते. त्याची गरजही नसते, कारण अहवाल आठवड्याने आला तरी डमीला काही फरक पडत नाही.

मग एअरबॅग इतक्या लवकर निर्णय कसा घेते?

त्याच गाडीत, त्याच धडकेत दुसरी एक यंत्रणा मात्र पूर्णपणे रिअल-टाइम चालते. एअरबॅगच्या कंट्रोल युनिटकडे कॅमेरा नसतो, गीगाबाइटचा डेटाही नसतो. गाडीचा वेग किती झपाट्याने कमी होतोय हे सांगणारे मोजके सेन्सर असतात. त्यांच्यावरून समोरच्या धडकेत साधारण १५ ते ३० मिलिसेकंदांत निर्णय होतो आणि पुढच्या सुमारे ३० मिलिसेकंदांत बॅग फुगते. माणूस पुढे झुकायच्या आत ती तयार असावी लागते. उशीर झाला तर फुगत असलेल्या बॅगेवर चेहरा आदळतो आणि वाचवणारी वस्तूच इजा करते.

तितकेच महत्त्वाचे म्हणजे खड्ड्याला धडक समजून ती फुगता कामा नये. आपल्या रस्त्यांवर हे सोपे काम नाही! त्यासाठी युनिट एका झटक्यावर विसंबत नाही. झटका किती वेळ टिकला, वेग एकूण किती कमी झाला हे पाहते आणि दुसऱ्या स्वतंत्र सेन्सरचा दुजोरा घेते. धडकेत बॅटरीची वायर तुटली तरी चालावे म्हणून युनिटच्या कपॅसिटरमध्ये थोडी वीज राखून ठेवलेली असते. थोडका डेटा, नेमका प्रश्न आणि पक्की मुदत, एवढ्यावर हे सारे चालते.

सगळा डेटा क्लाउडवर का पाठवत नाहीत?

काही कामांसाठी पाठवतातच. पण अंतर, गर्दी आणि तुटणारे इंटरनेट यांची हमी कोणी देऊ शकत नाही. तळवड्यातल्या शेडमधून मुंबईच्या डेटा सेंटरपर्यंत जाऊन परत यायला एरवी काही दशके मिलिसेकंद पुरतील. पावसात लाइन गेली तर? प्रेस थांबवण्याचा निर्णय त्या लाइनवर सोडता येत नाही. म्हणून निर्णय मशिनजवळ घ्यायचा आणि सारांश क्लाउडवर पाठवायचा, ही पद्धत रूढ झाली आहे. तिला ‘एज कॉम्प्युटिंग’ म्हणतात.

सीएनसी मशिनच्या स्पिंडलचे उदाहरण घेऊ. मिनिटाला १२,००० फेरे म्हणजे सेकंदाला २००. बेअरिंग खराब होऊ लागले की कंपनांत काही हजार हर्ट्झचे बारीक आवाज मिसळतात. जो सर्वाधिक कंपनवेग पकडायचा, त्याच्या दुपटीहून जास्त नोंदी घ्याव्या लागतात. समजा सेकंदाला २५,६०० नोंदी घेतल्या, प्रत्येकी दोन बाइट. एका सेन्सरचाच दिवसाचा डेटा सुमारे ४.४ जीबी होतो. मशिनजवळच्या छोट्या संगणकाने त्यातून ‘कोणती कंपने किती वाढली’ एवढे काढले आणि मिनिटाला मोजके आकडे पाठवले की काम भागते. बेअरिंग तासाभरात तुटत नाही, दिवस-आठवडे आधी कुरकुर करते. इथे मुदत लांब आहे, म्हणून क्लाउड चालतो.

एक्स्प्रेस-वेवरचे कॅमेरे यात कुठे बसतात?

९४.५ किलोमीटर लांबीच्या मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वेवर जुलै २०२४ पासून इंटेलिजंट ट्रॅफिक मॅनेजमेंट सिस्टिमचे कॅमेरे दंडाच्या पावत्या पाठवू लागले. ताशी १०० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला २७.८ मीटर कापते. नंबर प्लेट स्पष्ट यावी म्हणून शटर हजारांश सेकंदाचे किंवा त्याहून कमी लागते. तरी तेवढ्यात गाडी २.८ सेंटिमीटर पुढे जाते. दोन ठिकाणांमधले अंतर आणि लागलेला वेळ यांवरून सरासरी वेगही काढता येतो. मग कॅमेरा दिसल्यावर ब्रेक मारून उपयोग होत नाही.

चित्र टिपण्याला इथे मुदत आहे, पावती पाठवण्याला नाही. ती तासाभराने आली तरी दंड तेवढाच. पण पुढे अपघात झाला आहे, हे मागून येणाऱ्या वाहनांना फलकावर दाखवायचे असेल तर तीच यंत्रणा लगेच मुदतीच्या कक्षेत येते. एकाच कॅमेऱ्याच्या दोन कामांना दोन वेगळ्या मुदती असू शकतात.

यंत्रणा घेताना काय विचारावे?

लघुउद्योजक, सुरक्षा अधिकारी आणि कामगार, तिघांनीही पुढचे प्रश्न विचारायला हरकत नाही :

• सरासरी वेळ सांगू नका, सर्वांत वाईट स्थितीत किती वेळ लागतो? तो मोजला कसा?
• वेळेत उत्तर आले नाही तर मशिन काय करते? थांबते की तशीच चालू राहते?
• इंटरनेट, वीज किंवा संगणक बंद पडला तर सुरक्षा चालू राहते का?
• लाइट कर्टनचे डायपासूनचे अंतर कोणत्या थांबण्याच्या वेळेवरून काढले? तो शेवटचा कधी मोजला?
• हा प्रेस स्ट्रोकच्या मध्ये थांबू शकतो का?
• पडदा बंद करण्याची किल्ली कोणाकडे असते आणि ती कधी वापरली याची नोंद होते का?

शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड आहे, कारण तो तंत्रज्ञानाचा नाही. पडदा सारखा मशिन थांबवतो, टार्गेट पूर्ण होत नाही, म्हणून तो बायपास केला जातो. वीस मिलिसेकंदांत काम करणारी यंत्रणा बंद ठेवली तर तिचा वेग शून्य. पडद्याचे अंतर बरोबर ठेवले, पत्रा भरण्याची पद्धत सुधारली आणि टार्गेट त्यानुसार ठरवले, तर तो विनाकारण मशिन थांबवत नाही आणि बायपास करण्याची गरजही उरत नाही. ‘रिअल-टाइम’चे हे गणित कॅल्क्युलेटरवर करता येते. ते करायला नवे सॉफ्टवेअर लागत नाही, प्रेसच्या थांबण्याचा वेळ मोजावा लागतो.